उतरलेल्या किंमतीचा हिशेब

संक्रांत जवळ आली कीं शहरांतील कापडाच्या आणि पादत्राणांच्या दुकानांवर नवे फलक चढूं लागतात. "पन्नास टक्के सूट", "दोनांवर एक मोफत", "माल संपेपर्यंत" अशा अक्षरांनीं रस्त्याच्या दोन्ही बाजू भरून जातात. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत केव्हांतरी लागणारा हा हिवाळी सेल आतां दिवाळीच्या खरेदीइतकाच नेमाचा झाला आहे. रविवारीं सायंकाळीं सहकुटुंब दुकानांत जावें, हातांत चार पिशव्या घेऊन परतावें आणि किती पैसे वाचले याची घरीं बसून आनंदानें बेरीज करावी, हा अनेक घरांचा परिपाठ होय. या बेरजेंत एक गोष्ट मात्र बहुधा सुटते. वाचलेल्या रकमेचा आंकडा दुकानाच्या पावतीवर छापलेला असतो. खर्चलेल्या रकमेचा आंकडा घरच्या जमाखर्चांत पडतो. हे दोन आंकडे शेजारीं शेजारीं मांडून पाहणें, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम दुकानदाराची बाजू पाहणें न्यायाचें होईल. सेल म्हणजे केवळ फसवणूक, असें समजण्याचें कारण नाहीं. स्वेटर, जाकिटें, शाली, कानटोप्या हा माल थंडी संपली कीं फळीवर पडून राहतो. त्यांत भांडवल गुंतलेलें असतें, त्या भांडवलावर व्याज चढत असतें, आणि उन्हाळ्याचे सुती कपडे मांडावयास तीच जागा हवी असते. दहा महिने माल सांभाळून पुढील वर्षीं तो जुन्या धाटणीचा ठरण्यापेक्षां आजच थोड्या नफ्यावर, प्रसंगीं तोट्यानेंही, विकलेला बरा, हा व्यापाऱ्याचा हिशेब सरळ आहे. ही युक्ति नवीही नाहीं. पॅरिस येथील 'बाँ मार्शे' या प्रचंड दुकानानें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत, नाताळनंतरच्या मंदीच्या दिवसांत, चादरी, टॉवेल इत्यादि पांढऱ्या कापडाची खास विक्री जानेवारींत सुरू केली, आणि पुढें इतर देशांतील दुकानांनीं तो कित्ता गिरविला. दुकानदाराची अडचण आणि गिऱ्हाइकाची सोय यांची जेथें गांठ पडते, तो सेल प्रामाणिक होय.

परंतु सूट आहे ती कोणत्या किंमतीवर, हा खरा प्रश्न आहे. कपड्याच्या चिठ्ठीवर किंवा जोड्याच्या खोक्यावर जी 'एमआरपी' छापलेली असते, ती कमाल किरकोळ विक्री किंमत होय. तिच्याहून अधिक पैसे घेऊं नयेत, एवढाच तिचा अर्थ. कालपर्यंत तो माल त्याच भावानें विकला जात होता, असें ती चिठ्ठी कोठेंही सांगत नाहीं. जो सदरा वर्षभर बाराशें रुपयांस सहज मिळत होता, त्यावर दोन हजारांची छापील किंमत असेल, तर "चाळीस टक्के सूट" देऊनही तो बाराशेंसच मिळतो. येथें कोणी खोटें बोललेलें नाहीं, आणि कोणाचा एक पैसाही वाचलेला नाहीं. दिसतें तसें नसतें, म्हणून जग फसतें, ही म्हण अशा ठिकाणीं आठवावी. युरोपीय संघानें २०१९ सालीं केलेल्या आणि मे २०२२ पासून लागू झालेल्या नियमांत यावर उपाय योजला आहे. सूट जाहीर करणाऱ्या दुकानदारास तेथें साधारणपणें आधींच्या तीस दिवसांतील सर्वांत कमी किंमत दाखवावी लागते. फ्रान्समध्यें तर सेलचे आठवडे कायद्यानें बांधलेले असून, सेलमधील माल निदान महिनाभर आधीं विक्रीस ठेवलेला असला पाहिजे, असा दंडक आहे. आपल्या छापील किंमतीच्या पाठीशीं मागील भावाची अशी साक्ष नसते. ती साक्ष घरानेंच ठेवावी. जी वस्तु घ्यावयाची आहे तिचा भाव नोव्हेंबरांत पाहून वहींत टिपून ठेवला, तर जानेवारींतील फलकाची परीक्षा एका नजरेंत होते.

टक्क्यांचें गणितही जरा सावधपणें सोडवावें लागतें. "पन्नास टक्के आणि वर वीस टक्के" हें वाचून मनांत सत्तरांची बेरीज होते. परंतु दुसरी सूट उरलेल्या किंमतीवर असते. दोन हजारांचे प्रथम एक हजार होतात, आणि त्या हजारांतून दोनशें जातात. द्यावे लागतात आठशें. म्हणजे एकंदर सूट साठ टक्के, सत्तर नव्हे. "दोन सदऱ्यांवर एक मोफत" याचेंही तसेंच आहे. नऊशें रुपयांचे तीन सदरे अठराशेंस मिळाले, म्हणजे एक सदरा सहाशेंस पडला, तेहतीस टक्क्यांच्या थोड्या वर सूट झाली. तिन्ही सदरे लागणार असतील तर व्यवहार उत्तम. पण गरज एकाचीच असेल, तर नऊशेंच्या जागीं अठराशें खर्च झाले. नऊशें वाचले असें पावती म्हणते. नऊशें अधिक गेले असें पाकीट म्हणतें.

किंमतीचा निर्णय झाला कीं मालाकडे वळावें. महाराष्ट्रांत थंडी सर्वत्र सारखी नसते. नाशिक-नागपुराकडे जाड स्वेटर खरोखर उपयोगीं पडतो. मुंबईंत तोच बहुधा कपाटांत दिवस काढतो. चिठ्ठीवर लोंकर आहे कीं ॲक्रिलिक हें पाहावें. ॲक्रिलिक धुण्यास सोपें आणि स्वस्त, परंतु घर्षणानें त्यावर गोळे धरतात. लोंकर ऊबदार, मात्र गरम पाण्यांत चोळली कीं आटते आणि कसरीपासून जपावी लागते. संशय असल्यास शिवणींतील एखादा सुटा धागा घरीं जपून जाळून पाहावा: लोंकरीस जळक्या केसांचा वास येतो व तिची राख चुरडते, कृत्रिम धागा वितळून त्याचा कठीण मणी होतो. कपडा उलटा करून शिवणींत माया किती ठेवली आहे, हेंही पाहावें. माया असली तर कपडा पुढें सैल करतां येतो. नसली तर शिंपीही हात टेकतो.

पादत्राणांच्या बाबतींत तर स्वस्ताई पायांस भोगावी लागते. दिवसभरांत पाय किंचित् सुजतात, म्हणून जोडा सायंकाळीं, दोन्ही पायांत आणि मोजे घालून पाहावा. इंग्रजी मापांत नंबर एकानें वाढला कीं लांबी एक-तृतीयांश इंच वाढते. युरोपीय मापांत दोन-तृतीयांश सेंटिमीटर. सेलमध्यें हव्या त्या नंबराचा जोडा न मिळाल्यास "एका नंबरानें काय होतें" असें विक्रेता म्हणतो. काय होतें तें टाच सांगते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पुष्कळ हलक्या जोड्यांचा तळ पॉलियुरेथेनचा असतो. दमट हवेंत कांहीं वर्षें पडून राहिल्यास हा तळ न वापरतांही आंतून झिजतो, आणि कोरा दिसणारा जोडा चार दिवसांत पायाखालीं चुरा होऊन गळूं लागतो. म्हणून खोक्यावरील उत्पादनाचा महिना व वर्ष अवश्य वाचावें, आणि तळ अंगठ्यानें दाबून पाहावा.

मुलांसाठीं पुढील वर्षाची खरेदी आज करणें हें अर्धें अनुमान होय. शाळकरी मूल वर्षाला सुमारें पांच-सहा सेंटिमीटर उंच होतें. वाढत्या अंगाचा स्वेटर त्याला चालतो, कारण बाही दुमडतां येते; वाढत्या पायाचा जोडा मात्र चालत नाहीं, कारण सैल जोड्यांत पाऊल घसरतें. बोटांपुढें अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा पुरे. वृद्धांच्या बाबतींत सूट पाहूंच नये. ज्याचा तळ ओल्या फरशीवर पकड धरतो तो जोडा पुऱ्या किंमतीसही स्वस्त, कारण पडण्याची किंमत कोणत्याच फलकावर लिहिलेली नसते. आणि पुष्कळ घरांतील यादींत एक नांव शेवटपर्यंत येत नाहीं. मुलांचे कपडे झाले, गृहस्थाचे जोडे झाले, पाहुण्यांसाठीं शाल झाली, आणि गृहिणी गेल्या दहा वर्षांच्या उसवलेल्या स्वेटरवरच पहांटेचें पाणी तापवीत राहते. तिला "मला कांहीं नको" असें म्हणण्याची संवय असते, आणि घराला तें ऐकण्याची. सेलचा खरा लाभ कोणाला व्हावा, हें ठरवितांना ही संवय प्रथम मोडावी.

एक शेवटची सूचना पावतीविषयीं. "विकलेला माल परत घेतला जाणार नाहीं" असा फलक पाहून गिऱ्हाईक गप्प बसतें. मन बदललें म्हणून दुकानदारानें माल परत घ्यावा, अशी अपेक्षा धरणें योग्य नव्हे. परंतु सदोष मालाची गोष्ट वेगळी आहे. पावतींत सांगितलेल्या मुदतींत, आणि मुदत सांगितली नसल्यास तीस दिवसांत, सदोष माल परत घेण्यास नकार देणें ही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ प्रमाणें अनुचित व्यापारी प्रथा ठरते. पावती न देणें हीही तशीच. पुरेसा माल विक्रीस नसतांना केवळ गिऱ्हाईक ओढण्यासाठीं स्वस्त भावाची जाहिरात करण्यासही २०२२ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनीं बंधन घातलें आहे. तक्रारीसाठीं राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा १९१५ हा क्रमांक आहे. मात्र हातीं पावती नसेल तर हक्क सिद्ध करणें कठीण जातें.

अंथरूण पाहून पाय पसरावे, असें वडीलधारी मंडळी सांगत आली. सेलच्या दिवसांत अंथरूण तेवढेंच राहतें. मोठें झाल्याचा भास मात्र होतो. दुकानाकडे निघण्यापूर्वीं घरांत बसून कोणाला काय हवें तें कागदावर लिहावें, त्यापुढें आपल्याला परवडेल तो आंकडा मांडावा, आणि यादींतील वस्तु त्या आंकड्याच्या आंत मिळाली तर आनंदानें घ्यावी. यादींत नसलेली वस्तु निम्म्या किंमतींत मिळाली, तरी ती निम्म्या किंमतीनें महागच होय.