आजारी की नाटक? घरच्या प्रश्नात ‘आणि’ला जागा



“मॅडम, बाकी काही नको. एवढंच सांगा, पोरगी आजारी आहे की नाटक करतेय?”

काही वर्षांपूर्वी इंदूरमध्ये एका वडिलांनी मला हा प्रश्न विचारला होता. मी कुटुंबांसोबत समुपदेशनाचं काम करते. एकेकट्या माणसाशी बोलण्यापेक्षा घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून बोलते. आज त्या घराची गोष्ट सांगणार आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. माझी चूक मात्र जशी झाली तशीच सांगते.

मुलगी सोळा वर्षांची, अकरावीत. रोज सकाळी तिच्या पोटात दुखायचं. शाळेची व्हॅन निघून गेली की दुपारपर्यंत दुखणं थांबायचं. सगळ्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. वडील म्हणत, नाटक आहे. आई म्हणे, आजारी आहे. आजी म्हणे, दृष्ट लागलीय. चौथीतला धाकटा भाऊ कोपऱ्यात खेळत बसलेला.

मी काय केलं? सरळ उत्तर दिलं. म्हटलं, “हे नाटक नाही. ताणामुळे शरीर खरोखर दुखतं.”

हे शास्त्राला धरूनच होतं. पण मी बोलले आणि आईने नवऱ्याकडे बघितलं. ‘बघा, मी सांगत नव्हते?’ अशी ती नजर होती. पुढच्या भेटीला वडील आले नाहीत. त्याच्या पुढच्या भेटीला मुलगीही आली नाही. मी एका पक्षाला खटला जिंकून दिला होता आणि घर हातचं घालवलं होतं.

चूक माझ्या उत्तरात नव्हती. तो ‘की’ मी मुकाट्याने मान्य केला, ही माझी चूक. ‘आजारी की नाटक’ असं विचारलं की एकाला खरं ठरवण्यासाठी दुसऱ्याला खोटं पाडावं लागतं. आणि घरात खोटा पडलेला माणूस गप्प तरी बसतो, नाहीतर दुप्पट जोराने भांडतो.

आमच्या क्षेत्रातले जाणकारही या वाटेने गेलेले आहेत. उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सो या गावात टॉम अँडरसन नावाचे मनोविकारतज्ज्ञ होते. त्या काळची पद्धत अशी होती : एक समुपदेशक कुटुंबासोबत खोलीत बसायचा, बाकीचे सहकारी एकतर्फी काचेमागून बघायचे. मग काचेमागची मंडळी आपसात ठरवून कुटुंबाला सांगायची, ‘तुम्ही जे करताय त्याऐवजी असं करा.’ अँडरसन यांच्या लक्षात आलं, या ‘ऐवजी’मुळे कुटुंबाने आजवर केलेलं सगळं चुकीचं ठरतं. म्हणून ते म्हणू लागले, ‘तुम्हाला जे दिसलं ते आहेच. त्याच्या जोडीला आम्हाला हे दिसलं.’

मार्च १९८५ मध्ये ते आणखी पुढे गेले. एक कुटुंब अगदी निराश होऊन बसलं होतं, बोलणं पुढे सरकत नव्हतं. त्यांनी कुटुंबाला विचारलं, ‘आमची आपसातली चर्चा ऐकायला आवडेल का?’ कुटुंब हो म्हणालं. मग दिवे आणि आवाजाची व्यवस्था उलटी केली. आता कुटुंब बघत होतं आणि तज्ज्ञ उजेडात बसून बोलत होते. पुन्हा दिवे बदलले तेव्हा तीच माणसं एकमेकांशी आशेने बोलू लागली. अँडरसन यांनी १९८७ मध्ये या पद्धतीवर लेख लिहिला आणि ती जगभर पोचली. त्या चर्चेत कोणी अंतिम निवाडा देत नाही. तीन-चार दृष्टी समोर ठेवल्या जातात आणि उपयोगी वाटेल ते कुटुंब उचलतं.

मी त्या वडिलांना फोन केला. म्हटलं, “दादा, त्या दिवशी मी घाईने निवाडा दिला. तुम्हाला काय दिसतंय ते मी विचारलंच नाही.” थोडा वेळ पलीकडून काही आवाज नाही. मग म्हणाले, “शनिवारी येतो.”

या वेळी मी ‘की’चा प्रश्न बाजूला ठेवला. इटलीतल्या मिलान शहरातल्या चार चिकित्सकांनी, म्हणजे सेल्विनी पालाझोली, बोस्कोलो, चेक्किन आणि प्राता यांनी, १९८० च्या लेखात प्रश्न विचारण्याची एक रीत मांडली होती. एकाला दुसऱ्या दोघांबद्दल विचारायचं. म्हणून मी धाकट्याला विचारलं, “ताईचं पोट दुखतं त्या दिवशी घरात काय काय होतं?”

खेळणं खाली न ठेवता तो म्हणाला, “त्या दिवशी आई-बाबा एकमेकांशी बोलतात.”

खोलीत कोणी काही बोललं नाही. आजीने पदर डोळ्यांना लावला.

मग हळूहळू एकेक गोष्ट बाहेर आली. नवरा-बायकोत कित्येक महिने अबोला होता. गणितात मागे पडल्याची लाज मुलीला खात होती. वडिलांना स्वतःचं शिक्षण अर्धवट सोडावं लागलं होतं. मुलीची रिकामी बॅग पाहिली की त्यांच्या पोटात गोळा यायचा आणि तोंडून मात्र ‘नाटक’ हा शब्द निघायचा. पोटदुखी खरी होती आणि तिच्यामुळे घरात काहीतरी घडतही होतं. वडील कडक होते आणि घाबरलेलेही होते.

मी त्यांना एक छोटी गोष्ट करायला सांगितली. ‘पण’च्या जागी ‘आणि’ म्हणून बघा. ‘तुला दुखतंय हे कळतं, पण शाळेत जायलाच हवं’ यातला ‘पण’ पहिलं अर्धं वाक्य पुसून टाकतो. ‘तुला दुखतंय आणि शाळेतही जायचंय, तर कसं करूया?’ म्हटलं की दोन्ही गोष्टी जागेवर राहतात आणि बोलणं पुढे सरकतं. आधी आठवड्यातून तीन दिवस शाळा, गणिताला शिकवणी, आणि नवरा-बायकोनी वेगळं येऊन माझ्याशी बोलायचं, असं ठरलं. पोटदुखी एकदम गेली नाही. परीक्षेच्या दिवसांत परत यायची. मुलगी दुखणं घेऊनही व्हॅनमध्ये चढू लागली.

आता एक इशारा. आपल्याकडे म्हणतात, टाळी एका हाताने वाजत नाही. अबोल्याच्या बाबतीत ते लागू पडतं. मारहाणीच्या बाबतीत ते अजिबात लागू पडत नाही, कारण थप्पड एकाच हाताने बसते. ‘दोघांचंही थोडंथोडं चुकलं’ असं म्हणून अनेक बायकांना मार खायला परत पाठवलं गेलंय. न्यूयॉर्कच्या अ‍ॅकरमन इन्स्टिट्यूटमध्ये व्हर्जिनिया गोल्डनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये हाच मुद्दा मांडला. मारणाऱ्याच्या मनात काय चालतं ते समजून घ्यायचं आणि त्याच वेळी हिंसेची जबाबदारी पूर्णपणे त्याच्यावर ठेवायची. ‘आणि’ म्हणजे दोषाची समान वाटणी नव्हे. अशा घरात सगळ्यांना एकत्र बसवण्याआधी सुरक्षितता बघावी लागते. तुमच्या ओळखीत कोणी अशा परिस्थितीत असेल, तर महिलांसाठीचा १८१ हा हेल्पलाइन क्रमांक तिला द्या.

तर, आज रात्री जेवताना घरात वाद निघाला आणि कोणी तुम्हाला विचारलं, ‘तूच सांग, कोणाचं बरोबर?’ तर लगेच न्यायाधीश होऊ नका. आधी विचारा, ‘तुला काय दिसतंय?’ मग दुसऱ्याला विचारा, ‘आणि तुला?’ कोपऱ्यात खेळणाऱ्या पोरालाही विचारा. पुष्कळदा त्यालाच सगळ्यांत जास्त दिसलेलं असतं.