चिंतेचें ओझें व शेजारधर्म



ज्युबिलीच्या या आनंदाच्या प्रसंगीं चिंतेविषयीं बोलावें, हें कित्येकांस विसंगत वाटेल. परंतु आज या मांडवांत जितकीं कुटुंबें बसलीं आहेत, त्यांतील बहुतेकांच्या घरीं कांहीं ना कांहीं विवंचना असेलच. कोणाची नोकरी गेली, कोणाचा मुलगा परीक्षेंत नापास झाला, कोणाच्या घरीं म्हातारें माणूस अंथरुणास खिळलें, कोणाच्या डोक्यावर कर्जाचा हप्ता आहे. अशा नित्याच्या संकटांस तोंड कसें द्यावें, एवढाच माझा आजचा विषय आहे.

संकटाचें ओझें दुहेरी असतें. एक भाग प्रत्यक्ष संकटाचा व दुसरा तें लपविण्याचा. आणि पुष्कळदां हा दुसरा भागच अधिक जड असतो. नोकरी सुटलेला एखादा गृहस्थ पूर्वीप्रमाणेंच सकाळीं डबा घेऊन घराबाहेर पडतो, दिवसभर बागेंत किंवा स्टेशनावर बसून राहतो व संध्याकाळीं ठरल्या वेळीं परत येतो. पगार बंद झाल्याचें दुःख तर आहेच. पण बायकोची नजर चुकविणें, मुलांच्या फीविषयीं सबबी सांगणें, शेजाऱ्यास टाळणें, हें नवें काम त्यानें आपण होऊन अंगावर घेतलेलें असतें. चार लोक काय म्हणतील, या एका प्रश्नापायीं तो आपल्याच घरांत परका होतो.

याचा शरीरावर काय परिणाम होतो, तें शास्त्रज्ञांनीं शोधून काढिलें आहे. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनीं 1915 सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत दाखविलें कीं, भय किंवा क्रोध उत्पन्न झाला म्हणजे मूत्रपिंडांच्या माथ्यावरील ग्रंथींतून ॲड्रेनलिन नांवाचा रस रक्तांत उतरतो. हृदय जलद चालूं लागतें, रक्तांतील साखर वाढते व पचनाचें काम मंदावतें. पुढें 1936 सालीं माँट्रियल येथील हान्स सेल्ये यांनीं उंदरांवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. थंडी, जखम, विषारी द्रव्य अशीं कारणें निरनिराळीं असतांही त्या प्राण्यांच्या शरीरांत एकाच तऱ्हेचे बिघाड दिसून आले. जठरांतील व्रण हा त्यांपैकीं एक. वाघ समोर आला तर घटकाभरांत काय तो निकाल लागतो. पण कर्जाच्या हप्त्यापासून पळून कोठें जाणार? शरीराची ती तयारी महिनोन्महिने तशीच ताणलेली राहते. मग झोंप उडते, अन्न पचत नाहीं, आणि क्षुल्लक कारणावरून आपण मुलांवर खेंकसूं लागतों.

तेव्हां पहिला उपाय, मनांतील गोष्ट बाहेर काढणें. अमेरिकेंतील जेम्स पेनेबेकर व सँड्रा बील यांनीं 1986 सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कांहीं विद्यार्थ्यांस लागोपाठ चार रात्रीं रोज 15 मिनिटें आयुष्यांतील दुःखद प्रसंगाविषयीं लिहावयास लाविलें होतें. लिहिल्यावर त्यांचें मन प्रथम अधिक खिन्न झालें. परंतु ज्यांनीं घडलेली हकीकत व आपल्या भावना दोन्ही लिहिल्या, त्यांस पुढील सहा महिन्यांत दवाखान्याची पायरी इतरांपेक्षां कमी वेळां चढावी लागली. म्हणून ज्यास तोंडानें सांगवत नाहीं, त्यानें निदान कागदास सांगावें.

दुसरा उपाय, एकत्र येणें. मुंबईच्या गिरणगांवांतील खाणावळवाल्या बायका कामगारांस जेवण घालीत. पैसे हातीं येत ते पगारानंतर. तोंपर्यंत वाण्याची उधारी व सावकाराचें व्याज. 1975 सालीं प्रेमाताई पुरव यांनीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापिलें, आणि या बायका गटागटानें बँकेकडून कर्ज मिळवूं लागल्या. सावकाराचें देणें एकटीनें फेडावयाचें असतें तोंवर तें तिचें दुर्दैव असतें. चौघी मिळून बँकेंत गेल्या म्हणजे तोच एक साधा व्यवहार होतो. 18 जानेवारी 1982 रोजीं सुरू झालेल्या संपांत सुमारे 2,50,000 गिरणी कामगार उतरले, व त्यांतील पुष्कळांस पुन्हां काम मिळालें नाहीं. एवढ्या आघातानंतरही तें मंडळ टिकून राहिलें.

तिसरा उपाय, संकटाचा फक्त उद्यांपुरता तुकडा पाडणें. सबंध कर्ज उद्यां फिटत नाहीं. पण बँकेंत जाऊन हप्त्याची मुदत वाढवून मागतां येते. तें एक काम कागदावर लिहावें, जेवावें व वेळेवर निजावें. दारूच्या पेल्यांत झोंप शोधूं नये. ती झोंपही नेते व पगारही. आणि दोन आठवडे होऊनही झोंप येत नसेल किंवा जीव नकोसा वाटूं लागला असेल, तर क्षणाचाही विलंब न लावतां डॉक्टरांस गांठावें. केंद्र सरकारनें 2022 सालीं सुरू केलेल्या टेली-मानस सेवेचा दूरध्वनि क्रमांक 14416 हा आहे. तेथें मराठींतही बोलतां येतें व त्यास पैसे पडत नाहींत. ताप आला असतां वैद्य बोलाविण्यांत लाज नाहीं. मन आजारी पडलें असतां ती कां असावी?

आतां शेवटचा शब्द ऐकणाऱ्यांकरितां. ज्याच्यापाशीं कोणी मन मोकळें करील, त्यानें उपदेशाची घाई करूं नये, आपल्या दुःखाशीं त्याच्या दुःखाची तुलना करूं नये, आणि ऐकलेली गोष्ट विहिरीवर किंवा ओट्यावर नेऊं नये. आपल्या गांवांत दुःख लपविलें जातें, तें पुष्कळदां आपल्याच जिभेच्या भयानें. "चार लोक काय म्हणतील" यांतील चार लोक म्हणजे दुसरे कोणी नसून या मांडवांत बसलेले आपणच आहोंत. आपण काय म्हणावें, हें सर्वस्वीं आपल्या हातीं आहे. "बैस, काय झालें तें सांग," एवढेंच आपण म्हटलें, तरी एखाद्या घरचें निम्मे ओझें आजच उतरेल.