न दुखणारा आजार आणि न चुकणारी गोळी
(वार्षिक सभेत रुग्णालय प्रशासकांनी केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही, वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. हिशेब हा माझा विषय. त्याच दृष्टीने आज उच्च रक्तदाबाविषयी काही निवेदन करतो.

हा आजार दुखत नाही, हीच त्याची मोठी अडचण. १४०/९० किंवा त्याहून अधिक दाब वर्षानुवर्षे राहिला की हृदयावर ताण येतो, रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा होते, तेथे मेद साचतो आणि एके दिवशी गुठळी होऊन वाहिनी बंद पडते. हृदयात असे घडले तर हृदयविकाराचा झटका येतो. मेंदूतील वाहिनी बंद पडली वा फुटली तर पक्षाघात होतो.

जंगलातील कष्टकरी माणसाला हा शहरी आजार कसा होईल, असे पूर्वी आपण म्हणत असू. 'सर्च' संस्थेने २०११ ते २०१३ या काळात गडचिरोलीतील ८६ गावांत मृत्यूंची कारणे नोंदविली, तेव्हा हा समज खोटा ठरला. सुमारे १४ टक्के मृत्यू पक्षाघाताचे होते आणि मृत्यूच्या कारणांत त्याचाच क्रमांक पहिला होता. त्यांतील बहुतेकांनी घरीच प्राण सोडला.

उपाय अवघड नाहीत. दिवसाला मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी, खर्रा व दारू वर्ज्य आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी रोज. परंतु बरे वाटू लागले की गोळी सुटते. तेंदूपत्त्याचा हंगाम येतो, मागोमाग रोवणी येते. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. त्या दिवसांत संपलेली गोळी आणावयाची कोठून?

२०१७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात राज्यातील पहिल्या जिल्ह्यांमध्ये भंडारा व वर्धा होते. त्याची रीत साधी होती. मोजकी, ठरलेली औषधे, प्रत्येक रुग्णाची नोंद आणि न आलेल्याचा पाठपुरावा. यासाठी महागडे यंत्र लागत नाही. लागते ते सातत्य.

टळलेला झटका ताळेबंदात जमेच्या बाजूला दिसत नाही. यंत्रावर दात्याचे नाव कोरता येते, गोळीवर येत नाही. तरीही माझी नम्र विनंती आहे की देणगीचा काही अंश पावसाळ्यापूर्वी दुर्गम गावांत दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या पोहोचविण्यासाठी द्यावा. आप्तेष्टांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज गोळी बंद होऊ देऊ नये. छातीत दुखू लागल्यास किंवा तोंड वाकडे होऊन हातपाय लुळे पडल्यास सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकावर कळवावे.

एका झटक्याने घरातील कर्ता माणूस जातो. त्या तुलनेत रोजची गोळी चहाच्या कपाहूनही स्वस्त आहे. हा हिशेब आपण सर्वांनी मिळून जुळवावा, एवढीच प्रार्थना.