कमरेचे शस्त्र

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील सराफ्यात रात्र होऊ लागली, की दुकानांची दारे एकामागून एक बंद होतात. दिवसाचा हिशेब पुरा करून एखादा सराफ कुलूप लावतो, किल्ल्या खिशात टाकतो आणि कमरेच्या रिव्हॉल्व्हरवर हात ठेवून घराची वाट धरतो. भिंड, मुरैना, ग्वाल्हेर या चंबळच्या पट्ट्यात परवान्याचे शस्त्र ही काही अपूर्वाईची वस्तू नव्हे. वाटेत कोणी गाठलेच तर ते उपयोगी पडेल, हाच त्या सराफाच्या मनातील हिशेब असतो.

परंतु या हिशेबात एक रक्कम मांडावयाची राहून जाते. चोराशी गाठ पडण्याचा प्रसंग त्याच्या आयुष्यात एकदा येईल, किंवा कधी येणारही नाही. शस्त्र कमरेला लावण्याचा आणि रात्री काढून ठेवण्याचा प्रसंग मात्र रोजचा आहे. दिवसातून दोनदा म्हटले, तरी वर्षाला सातशे तीस वेळा ते भरलेले शस्त्र त्याच्या हातातून जाते. त्या एका प्रसंगासाठी मनुष्य पुष्कळ विचार करतो. या सातशे तीस प्रसंगांचा विचार तो क्वचितच करतो. आणि अपघात घडतो, तो बहुधा यांपैकीच एखाद्या वेळी.

याची साक्ष जुनी आहे. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात विचिटा नावाचे शहर आहे. वायट अर्प हा पुढे मोठी ख्याती पावलेला मनुष्य त्या वेळी तेथे पोलिसात होता. ९ जानेवारी १८७६ रोजी तो एका मद्यगृहात खुर्चीवर बसला असता त्याचे रिव्हॉल्व्हर कमरेच्या म्यानातून निसटले, त्याचा घोडा खुर्चीवर आपटला आणि बार उडाला. गोळी त्याच्याच कोटातून आरपार गेली. दैव बलवत्तर म्हणून कोणाला इजा झाली नाही. त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी, १ ऑक्टोबर २०२४ रोजी, मुंबईत एका प्रख्यात चित्रपट अभिनेत्याच्या पायात त्याच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी घुसली. प्रवासाला निघण्यापूर्वी ते ठेवून देत असताना हातातून निसटले, असे त्या वेळी सांगण्यात आले. दोन्ही ठिकाणी शत्रू कोणीच नव्हता.

असे का घडते, हे यंत्र पाहिले म्हणजे ध्यानात येते. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसांचे एक फिरते चक्र असते. बोटाने ओढावयाचा तो चाप, आणि काडतुसाच्या बुडावर आघात करावयाचा तो घोडा. जुन्या घडणीच्या शस्त्रांत मिटलेला घोडा सरळ भरलेल्या काडतुसावर टेकलेला असे. शस्त्र खाली पडले, की तोच धक्का काडतुसाला पोहोचे. म्हणून जाणते लोक सहा घरांच्या चक्रात पाचच काडतुसे भरीत आणि घोड्याखालचे घर रिकामे ठेवीत. नव्या घडणीत चाप ओढल्याखेरीज घोडा काडतुसापर्यंत पोहोचू नये, अशी योजना असते. तरीही वडिलांच्या वेळचे किंवा झिजलेले शस्त्र असेल, तर त्यात ही योजना आहे किंवा नाही, हे परवानाधारक कारागिराकडून तपासून घ्यावे. तोवर रिकाम्या घराचा तो जुना नियम सोडू नये.

पिस्तुलाची रीत निराळी आहे. त्याची काडतुसे मुठीतील मॅगझिनमध्ये असतात. मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, ही समजूत अनेकांना महागात पडली आहे. कारण एक काडतूस नळीच्या मुळाशी आधीच चढलेले असू शकते. म्हणून प्रथम मॅगझिन काढावे, मग वरचा सरकता भाग मागे ओढून आतील काडतूस बाहेर पाडावे आणि शेवटी ते घर डोळ्यांनी पाहून बोटानेही चाचपावे. हा क्रम उलटा झाला, तर एक काडतूस बाहेर पडते आणि त्याच्या जागी दुसरे आपोआप चढते.

शस्त्र हाताळण्याचे शास्त्र चार नियमांत बसविण्याचे श्रेय अमेरिकन शिक्षक जेफ कूपर यांना दिले जाते. १९७६ साली त्यांनी ॲरिझोनात पिस्तूल शिकविणारी शाळा काढली. त्या नियमांचा आशय असा : प्रत्येक शस्त्र भरलेलेच आहे असे समजावे. ज्याचा नाश करावयाचा नाही, त्याच्याकडे नळीचे तोंड कधीही वळवू नये. नेम धरीपर्यंत बोट चापाबाहेर ठेवावे. आणि नेम कशावर आहे, व त्याच्या पलीकडे काय आहे, हे जाणून घ्यावे. यांतील एक नियम चुकून मोडला, तरी उरलेले तीन माणसाला वाचवितात. दोन एकदम मोडले, की मग प्रेतयात्रेची तयारी.

आता शस्त्र कमरेला कसे लावावे, हे पाहू जाता पहिला मान होल्स्टरचा. खिशात किल्ल्यांबरोबर, उशाखाली किंवा धोतराच्या कनवटीला रिव्हॉल्व्हर खोचणे हा शुद्ध अविचार होय. होल्स्टर त्याच शस्त्राच्या मापाचे असावे. त्याने चाप पूर्ण झाकला पाहिजे आणि वाकले, धावले, तरी शस्त्र आतच राहिले पाहिजे. चामडे जुने होऊन लुळे पडले, की त्याची कड आत वळते आणि शस्त्र आत सारताना तीच चापात अडकते. सदऱ्याचे टोकही तसेच अडकते. म्हणून शस्त्र बाहेर काढताना घाई असलीच तर असो. परत ठेवताना घाईचे काहीच कारण नसते. कापड बाजूला करावे, बोट चापापासून दूर ठेवावे, डोळ्यांनी पाहावे आणि सावकाश आत सारावे. हातून निसटलेच, तर ते पडू द्यावे. अधांतरी झेलू पाहणारे बोट नेमके चापावर जाते.

या बाबतीत कायदाही स्पष्ट आहे. १८७८ चा इंग्रजी अमलातील कायदा जाऊन १९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. २०१६ च्या नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये किंवा तशाच आवरणात, पूर्ण झाकलेले आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असले पाहिजे. ते परजण्यास सक्त मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीने लग्नकार्यात वा उत्सवात इतरांचा जीव धोक्यात घालून बार काढणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या आहेत. वरातीत आकाशाकडे झाडलेली गोळी आकाशात राहत नाही. ती कोणाच्या तरी अंगणात उतरते.

स्वसंरक्षणाचा हक्क कायद्याने मान्य केला आहे. पूर्वी तो १८६० च्या दंडसंहितेत होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. परंतु त्याला मर्यादा आहेत. बचावासाठी आवश्यक तेवढीच इजा करता येते, आणि पोलिसांचे साहाय्य घेण्याइतका अवधी असेल, तर हा हक्क उरत नाही. मृत्यूचे वा जबर दुखापतीचे वाजवी भय असणे, जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, अशा मोजक्या प्रसंगीच तो प्राण घेण्यापर्यंत पोहोचतो. पाकीट मारून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घालणारा मनुष्य न्यायालयात आरोपी म्हणून उभा राहतो. म्हणून ज्याला रस्त्यावरचा शब्द सहन होत नाही, ज्याला सायंकाळी मद्य लागते, त्याने शस्त्र घरीच ठेवावे; आणि घरीही ठेवू नये, हे अधिक बरे.

शेवटचा प्रश्न घराचा. १९९२ आणि १९९३ साली अमेरिकेत आर्थर केलरमन आणि त्यांचे सहकारी यांनी जे अभ्यास प्रसिद्ध केले, त्यांत घरात बंदूक असणे आणि त्या घरात आत्महत्या वा हत्या घडण्याचा अधिक धोका असणे, यांचा संबंध दिसून आला. या निष्कर्षांवर पुष्कळ वाद झाले. पण वाद बाजूला ठेवला, तरी एवढे कोणालाही पटेल, की निराशेच्या घटकेस हाताशी आलेले शस्त्र फेरविचाराला अवसर देत नाही, आणि लहान मुलाला कपाटाचा वरचा खण उंच वाटत नाही. शस्त्र रिकामे करून पोलादी तिजोरीत, काडतुसे वेगळ्या कुलपात, आणि दोन्ही किल्ल्या घरधन्याजवळ, ही व्यवस्था पाळावी. मोटारीत शस्त्र ठेवून जाणे म्हणजे ते चोराच्या स्वाधीन करणे होय.

तर तो सराफ आता घरी पोहोचला आहे. जेवणाचे ताट वाढलेले आहे, नातू दाराशी उभा आहे. त्याने नातवाला आत पाठवावे, खोलीचे दार लोटावे, नळीचे तोंड जाड भिंतीकडे धरून चक्र उघडावे आणि काडतुसे मोजावीत. सकाळी पाच भरली होती, रात्री पाचच निघाली, तर शस्त्राने त्या दिवशीचे काम चोख केले. मग कुलूप लावावे आणि नातवाला हाक मारून जेवावयास बसावे. त्याची सारी राखण अखेर याच ताटासाठी आणि याच मुलासाठी आहे. शस्त्रापासून त्यांची राखण करणे, हा तिचा पहिला भाग होय.