पसारा आवरला, आता जागा ठरवू

दिवाळीआधी घर आवरून होतं. माळा रिकामा होतो, रद्दी जाते. आणि तुळशीचं लग्न लागेस्तोवर टेबलावर पुन्हा ढीग! याचं कारण आळस नाही. वस्तूला ठरलेली जागा नाही, हे कारण आहे. मिसळणाचा डबा बघा. मोहरी, हळद, जिरं, प्रत्येकाची वाटी ठरलेली. डबाही शेगडीजवळच. म्हणून तो रोज वापरूनही विस्कटत नाही. विजेचं बिल, किल्ल्या, चष्मा यांना मात्र अशी जागा नसते. जपानी कारखान्यांतल्या ‘फाइव्ह एस’ पद्धतीत पाच पायऱ्या आहेत. नको ते काढणं ही फक्त पहिली. जागा ठरवणं ही दुसरी. आपण बहुतेकदा पहिलीवरच थांबतो.

कुणी म्हणेल, दोन खोल्यांत जागा आणायची कुठून? प्रश्न रास्त आहे. पण त्यासाठी कपाटच लागतं असं नाही. किल्ल्यांना दाराजवळ एक खिळा पुरतो. बिलांना एक चिमटा. मात्र ठरलेली जागा घरातल्या सगळ्यांना ठाऊक हवी. दप्तराची खुंटी मुलांचा हात पोचेल इतकी खाली हवी. नाहीतर आवरण्याचा सगळा भार एकट्या आईवर पडतो, आणि हे मुळीच बरोबर नाही. नवी वस्तू आणायची असेल, तर ती कुठे राहील हे दुकानात जाण्याआधीच ठरवा.