तरुणांस विद्यासाहाय्य कसें द्यावें?

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सभेंत दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या प्रसंगीं मागें वळून पाहणें उचितच आहे. परंतु आजच्या सभेंत मला जो विषय नेमून दिला आहे, तो पुढें पाहावयास लावणारा आहे. मराठवाड्यांतील खेड्यापाड्यांतून शिक्षणासाठीं किंवा धंदा शिकण्यासाठीं जे तरुण या शहरांत येतात, त्यांस द्रव्यसाहाय्य कसें करावें, हा तो विषय होय. महोत्सवानिमित्त जमणाऱ्या निधीचा कांहीं भाग या कामासाठीं कायमचा राखून ठेवावा, अशी सूचना आपणांपुढें आहे. मदत करावी कीं नाहीं, याविषयीं येथें दुमत असेल असें मला वाटत नाहीं. मदत कशासाठीं द्यावी, केव्हां द्यावी आणि कोणत्या अटीवर द्यावी, याविषयीं मात्र विचार करणें अवश्य आहे; कारण दात्याच्या औदार्याइतकेंच या तीन प्रश्नांच्या उत्तरावर मदतीचें फळ अवलंबून असतें.

याचें उदाहरण शोधण्यास आपणांस दूर जावयास नको. आपल्या या छत्रपती संभाजीनगरांत, ज्यास अगदीं अलीकडेपर्यंत औरंगाबाद म्हणत, नागसेनवनांत मिलिंद महाविद्यालय उभें आहे. त्याच्या मुळाशीं जाऊन पाहिलें, तर तेथें आपणांस दरमहा २५ रुपयांची एक शिष्यवृत्ती सांपडते.

भीमराव आंबेडकर १९०७ सालीं मॅट्रिक झाले आणि मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत शिकूं लागले. पुढें वडिलांस, सुभेदार रामजींस, हा खर्च झेपेनासा झाला. त्या वेळीं कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकांनीं बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे रदबदली केली, व महाराजांनीं दरमहा २५ रुपये देण्याचें मान्य केलें. १९१३ सालीं त्याच महाराजांनीं त्यांस न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत शिकण्यासाठीं तीन वर्षेंपर्यंत दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली.

या मदतीची घडण पाहण्यासारखी आहे. ती केवळ फीची मदत नव्हती. विद्यार्थ्यास जेवावें लागतें, कोठेंतरी पाठ टेंकावी लागते, पुस्तकें घ्यावीं लागतात, हें ओळखून ती दर महिन्यास देण्यांत येत होती. शिवाय दाता आणि विद्यार्थी यांच्या मध्यें एक ओळखणारा मनुष्य होता. मुंबईच्या चाळींतला एक हुशार मुलगा बडोद्याच्या महाराजांस ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. केळुसकरांस तो ठाऊक होता. कारण चर्नी रोडच्या बागेंत वाचीत बसलेल्या त्या मुलाची त्यांनीं स्वतः होऊन विचारपूस केली होती. पैसा महाराजांचा खरा; परंतु तो योग्य हातीं पडला तो केळुसकरांच्या डोळसपणामुळें.

मात्र या थोर देणगीसही मर्यादा होत्या, आणि त्याही आपण पाहिल्या पाहिजेत. शिष्यवृत्तीची मुदत संपली, तेव्हां आंबेडकरांचा लंडनमधील अभ्यास अपुरा होता. तो तसाच टाकून १९१७ सालीं त्यांस स्वदेशीं परतावें लागलें. पुन्हा लंडनला जाण्यास १९२० साल उजाडलें. आणि तेंही सिडनहॅम कॉलेजांतील प्राध्यापकीच्या पगारांतून टाकलेली शिल्लक, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचें साहाय्य व एका मित्रानें दिलेलें कर्ज, यांची जुळवाजुळव केली तेव्हां. दुसरी गोष्ट अशी कीं, शिष्यवृत्तीच्या मोबदल्यांत त्यांनीं बडोदें संस्थानची दहा वर्षें नोकरी करण्याचा करार लिहून दिला होता. त्या कराराप्रमाणें ते बडोद्यास गेले, तों त्या शहरांत त्यांस राहावयास कोणी जागा देईना. एका पारशी विश्रामगृहांत नांव बदलून ते राहिले. पण हें उघडकीस येतांच काठ्या घेऊन आलेल्या लोकांनीं त्यांस तेथून हांकून लावलें, आणि थोड्याच दिवसांत त्यांस बडोदें सोडावें लागलें. महाराजांचा पैसा न्यूयॉर्कपर्यंत पोहोंचला होता. परंतु महाराजांच्याच राजधानींत त्या विद्वानास एक खोली तो मिळवून देऊं शकला नाहीं. तेव्हां द्रव्यसाहाय्यास समाजाच्या स्वागताची जोड लागते, हेंही आपण या कथेंतून ध्यानांत घ्यावें.

आतां या कथेचा जो भाग आपल्या शहरास येऊन भिडतो, तो सांगतों. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यांत होता, आणि येथील विद्यार्थ्यांस वरच्या पदवीसाठीं बहुधा हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठांत जावें लागे. डॉ. आंबेडकरांनीं १९४५ सालीं पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली होती. तिनें १९५० सालीं येथें महाविद्यालय उघडलें, आणि १ सप्टेंबर १९५१ रोजीं राष्ट्रपति डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्तें त्याच्या इमारतीची कोनशिला बसविण्यांत आली. खेड्यांतून आलेल्या मुलांसाठीं तेथें वसतिगृहेंही झालीं. मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें तें त्यानंतर, २३ ऑगस्ट १९५८ रोजीं. ज्यास कधींकाळीं जेवणाखाण्याची भ्रांत होती, त्यानें पुढें इतरांच्या जेवणाखाण्यासह शिक्षणाची सोय केली. दलित साहित्याच्या चळवळीस जे लेखक या शहरानें दिले, त्यांपैकीं कित्येक या नागसेनवनांत शिकले किंवा शिकवीत होते. दरमहा २५ रुपयांचें व्याज किती झालें, याचा हिशेब कोणी करावा?

येथें कोणी म्हणेल, "हीं राजेरजवाड्यांचीं कामें; आपला धर्मग्राम तो केवढा, आणि आपली पुंजी ती केवढी!" यास उत्तर सातारा जिल्ह्यानें दिलें आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं काले या गांवीं रयत शिक्षण संस्था स्थापन केली. सातारच्या त्यांच्या वसतिगृहांत सर्व जातींचीं मुलें एकत्र राहत व एकत्र जेवत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं मुलांस उपाशी ठेवावयाचें नाहीं म्हणून अंगावरचे दागिने विकले. आणि गांवोगांवच्या शेतकऱ्यांच्या बायका दळावयास बसतांना मूठभर धान्य संस्थेसाठीं बाजूस काढून ठेवीत. यासच मुष्टिफंड म्हणत. मंदिराच्या दानपेटींत दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. तेव्हां मूठभर धान्याची थोरवी मीं आपणांस सांगावयास नको. लहान लहान मुठींतून एवढी मोठी संस्था उभी राहिली, ती त्या मुठी नियमानें येत राहिल्या म्हणून.

"सरकार शिष्यवृत्ती देतें, मग आपण कशास द्यावी?" हा दुसरा आक्षेप. सरकार देतें, हें खरें आहे, आणि त्याबद्दल कृतज्ञताच बाळगावी. जुलै २०२४ मध्यें महाराष्ट्र शासनानें आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील, वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबांतल्या मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ केली. पण फी माफ झाली म्हणून खाणावळीचें बिल माफ होत नाहीं. खोलीचें भाडें, बसचें भाडें, परीक्षेच्या दिवसांतला औषधपाण्याचा खर्च, हीं सारीं उरतातच. वसतिगृहांत प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीं शासनाची स्वाधार योजना आहे. तिच्यांत भोजन व निवास यांसाठीं पैसे मिळतात. परंतु १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानें अनुसूचित जातींची जी व्याख्या केली, तींत १९५६ सालीं शीख व १९९० सालीं बौद्ध यांचा समावेश झाला; ख्रिस्ती झालेल्यांचा झालेला नाहीं. दारिद्र्य तेंच, वस्ती तीच, परंतु योजनेचें दार मात्र बंद, अशी स्थिति आपल्या कित्येक कुटुंबांची आहे. सरकारची मदत जेथें पोहोंचत नाहीं किंवा उशिरा पोहोंचते, नेमक्या त्या ठिकाणीं आपल्या निधीनें उभें राहावें.

उशिराचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. बीड आणि जालना जिल्ह्यांतील ऊसतोड कामगारांचें उदाहरण घ्या. दसरा-दिवाळीच्या सुमारास नवराबायकोचा कोयता घर सोडून कारखान्याच्या वाटेस लागतो, तो उन्हाळा लागल्यावर परततो. आईबापांबरोबर पुष्कळ मुलेंही जातात आणि शाळेचे मधले महिने बुडतात. हें घडतें तें मुकादमाच्या उचलीमुळें. उचल पावसाळ्यांतच हातीं पडते; नड असते त्याच वेळीं ती मिळते, आणि एकदां घेतली कीं सबंध कुटुंब बांधलें जातें. उलट शिष्यवृत्ती कित्येकदां वर्ष सरत आल्यावर येते. ज्याची मदत वेळेवर, त्याचाच शब्द घरांत चालतो. म्हणून आपला पैसा जूनच्या आरंभीं, प्रवेशाच्या वेळीं, विद्यार्थ्याच्या हातीं पडला पाहिजे. आणि तो उचलीसारखा बांधून घेणाराही नसावा. शिकून झाल्यावर त्यानें धर्मग्रामाची सेवा करावी, अमुक ठिकाणीं नोकरी करावी, सभेंत उभें राहून आभार मानावे, असल्या अटी आपण घालूं नयेत. १८९२ सालीं जमशेटजी टाटा यांनीं परदेशीं शिकणाऱ्यांसाठीं जो निधी स्थापिला, तो कर्जाऊ मदत देतो, व त्या मार्गानें पुष्कळ नांवाजलेले लोक पुढें आले. परंतु ज्या घरांत पहिलाच मुलगा कॉलेजचें तोंड पाहतो, त्या घरावर आधींच कर्ज असतें. तेथें आपण आणखी एक सावकार होऊं नये. त्यास पुढें बरे दिवस आले आणि त्यानें आपण होऊन दुसऱ्या मुलाचा खर्च उचलला, तर तीच खरी परतफेड.

मदत केवळ कॉलेजच्या विद्यार्थ्यांसच द्यावी, असेंही नाहीं. चिकलठाणा, वाळूज आणि शेंद्रा येथील कारखान्यांत काम मिळेल या आशेनें पुष्कळ तरुण आय.टी.आय.मध्यें शिकतात किंवा उमेदवारी करतात. संत जॉन बॉस्को यांनीं १८५० नंतरच्या वर्षांत तुरीन शहरांतील अशा उमेदवार मुलांसाठीं त्यांच्या मालकांशीं लेखी करार केले होते: मालकानें धंदा नीट शिकवावा, चूक झाल्यास तोंडी समज द्यावी, मारूं नये, सणाच्या दिवशीं सुटी द्यावी. पैशाइतकीच, किंबहुना अधिक, गरज अशा पाठिराख्याची असते.

आतां राहिला प्रश्न, हा निधी कोणी वाटावा? प्रेषितांच्या काळीं यरुशलेमच्या ख्रिस्तसभेंत तक्रार झाली कीं, रोजच्या अन्नवांटपांत ग्रीक बोलणाऱ्या विधवांची हेळसांड होते. प्रेषितांनीं तक्रारीचा राग मानला नाहीं. सात विश्वासू माणसें निवडून तें काम त्यांच्या हवालीं केलें. त्या सातांचीं नांवें पाहिलीं, तर तीं सारीं ग्रीक वळणाचीं दिसतात. ज्यांची तक्रार होती, त्यांच्यांतलींच माणसें बहुधा कारभारी झालीं. हा कित्ता आपण गिरवावा. निधीच्या समितींत शहरांतील प्रतिष्ठित गृहस्थ असावेत. पण त्यांबरोबर खेड्यांतून आलेले एकदोन तरुण, आणि ज्यांच्या घरांतून मुलगी प्रथमच शिकावयास बाहेर पडली अशी एखादी माताही असावी. अर्जावर शिक्के किती, हें पाहण्याऐवजीं समितीच्या एखाद्या सभासदानें घरीं जाऊन यावें. १८३३ सालीं पॅरिस येथें फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें सोबत्यांसह जी संस्था काढली, व जी आज संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी म्हणून ठाऊक आहे, तिच्यांत आरंभापासून स्वतः घरोघर जाण्याचाच प्रघात आहे.

तर माझी सूचना थोडक्यांत अशी. निधीच्या मुद्दलास हात लावूं नये. व्याज आणि वर्षाची वर्गणी यांतूनच मदत द्यावी. पुष्कळांस एकेकदां थोडें देण्यापेक्षां थोड्यांस अभ्यासक्रम संपेपर्यंत पुरेसें द्यावें; मध्यें एखाद्या परीक्षेंत अपयश आलें, तर कारण विचारल्यावांचून मदत बंद करूं नये. जेवण व निवास यांस पहिला मान द्यावा. मुलगी आणि मुलगा असा भेद करूं नये, आणि शेजारचें गरजू मूल दुसऱ्या धर्माचें आहे म्हणून त्यास परत पाठवूं नये. हिशेब दरवर्षीं सर्वांपुढें वाचावा. परंतु मदत घेणाऱ्यांचीं नांवें वाचूं नयेत. आणि ज्यांस पैसा देणें शक्य नाहीं, परंतु ज्यांच्या घरीं एखादी खोली रिकामी आहे, त्यांनीं ती वाजवी भाड्यानें अशा विद्यार्थ्यांस द्यावी. बडोद्यांत १९१७ सालीं जें घडलें, तें या शहरांत कोणाच्याही वांट्यास येऊं नये, एवढें तरी आपल्या हातीं आहे.

सभेनंतर दाराशीं वही ठेवलेली आहे. तींत रक्कम लिहितांना, ती दरवर्षीं देतां येईल एवढीच लिहावी, अशी माझी आपणांस विनंती आहे.  परमेश्वर या कार्यास यश देवो.