गाडी मागनं येऊ द्या, माणसं आधी



दिंडी पायी चालते, पण तिचा संसार ट्रकवर असतो. राहुट्या, भांडी, शिधा, आजारी माणूस, सगळं त्यातच. नातेपुते, माळशिरस, वेळापूर करत वाखरीकडं जाताना गाडी अडली, तर पुढच्या तळावर चूल पेटत नाही. पंढरपूरहून परतताना तर त्याच गाडीत आपली माणसं बसलेली असतात.

म्हणून ड्रायव्हर मंडळींना सांगतो. रेडिएटरचा पाइप फुटला तर आधी इंजिन गार होऊ द्या. गरम असताना झाकण उघडलं की वाफेनं तोंड भाजतं. पाइप पुसून कोरडा करा, जुन्या सायकलट्यूबची पट्टी ताणून गुंडाळा, वरून तार आवळा. पाणी भरा, झाकण सैल ठेवा, म्हणजे दाब चढत नाही. मग काट्यावर नजर ठेवून, थांबत थांबत, पाणी घालत, पुढच्या गावातल्या गॅरेजपर्यंत या.

पण ब्रेक आणि स्टेरिंगला जुगाड नाही, माउली. तिथं तार-दोरी चालत नाही. चाकाला दगड लावा, माणसं रस्त्यापासून लांब बसवा, दुसरी गाडी बोलवा. आणि निघताना तो दगड उचला. अंधारात मागनं कुणाचं तरी लेकरू मोटारसायकलवर येत असतं.

उशीर झाला म्हणून विठोबा रागावत नाही. सगळे घरी पोचले, की वारी पुरी झाली.

रामकृष्ण हरी.